मालकाचा विरोध नेमका कुठल्या कलमाला?

संगमेश्वर तालुक्यात युनियनचं नाव काढलं की समोरून गिरण्यांचं नाव येतं. ‘संप केला, काय झालं? गिरण्याच गेल्या.’ आरवलीपासून साखरप्यापर्यंत कुठल्याही ओटीवर हे ऐकायला मिळेल, कारण इथल्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी लालबाग-परळला कामाला होतं आणि १९८२ च्या संपात बोचकं बांधून गावी परतलं होतं. म्हातारा गिरणी कामगार हे बोलतो तेव्हा गप्प बसून ऐकावं. त्याने ते भोगलेलं असतं. पण साडवलीच्या एमआयडीसीत किंवा हमरस्त्यावरच्या एखाद्या प्रक्रिया युनिटमध्ये मालक कामगारांना उभं करून हेच वाक्य ऐकवतो, तेव्हा त्यामागे हेतू असतो. त्याला प्रश्न विचारायला हरकत नाही.

सध्या हा विषय निघण्याचं कारणही आहे. औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कामगार संघटनांचा १९२६ चा कायदा, स्थायी आदेशांचा १९४६ चा आणि औद्योगिक विवादांचा १९४७ चा, असे तिन्ही केंद्रीय कायदे त्या दिवशी मोडीत निघाले. उद्योगांच्या मोठ्या संघटनांनी संहितेचं एकंदरीत स्वागतच केलं, आणि बहुतेक केंद्रीय कामगार संघटनांनी विरोध. कामगारकपात किंवा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी आता तीनशे किंवा जास्त कामगार असतील तरच लागते, तेव्हा उद्योगपतींना आनंद होणं साहजिक आहे. तरी याच संहितेत एक प्रकरण असं आहे की ते वाचून तीस-चाळीस माणसांचा कारखाना चालवणाऱ्या मालकाच्या कपाळाला आठी पडावी. ते संघटनेच्या मान्यतेचं.

हा लेख त्या तीस-चाळीस माणसांसाठी आहे. काजू सोलणाऱ्या, आंब्याचा पल्प डब्यात भरणाऱ्या, गॅरेजात आणि हॉटेलात राबणाऱ्या, तसंच रोज लोटे, खेर्डी किंवा मिरजोळ्याला जाऊन येणाऱ्या लोकांसाठी. मालक युनियनच्या कायद्याला विरोध करताना कारणं दहा सांगतो. गेल्या शंभर वर्षांचा हिशोब काढला तर गाडी अडते ती एकाच जागी: चर्चेला समोर कोण बसणार, हे कोण ठरवणार? संघटनेच्या नोंदणीशी मालकाचं फारसं वाकडं नसतं. मान्यतेशी असतं. हे एकदा लक्षात आलं की बाकीच्या गोंगाटात आपलं काम काय, ते कळायला लागतं.

जुनी दुखणी

ना. म. जोशी कोकणातलेच, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे. मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक गिरण्यांच्या मालकांनी तिथल्या मद्रास लेबर युनियनच्या पुढाऱ्यांवर कोर्टाचा मनाई हुकूम आणला होता. कामगारांना एकत्र करणं हाच गुन्हा ठरत होता. त्यावर १९२१ साली जोशींनी मध्यवर्ती विधिमंडळात ठराव मांडला की संघटनांना नोंदणी आणि संरक्षण देणारा कायदा करा. मालकवर्गाचा विरोध एवढा, की कायदा व्हायला १९२६ उजाडलं आणि लागू व्हायला १ जून १९२७. त्या कायद्याने संघटनेला नाव दिलं, शिक्का दिला, दाव्यांपासून संरक्षण दिलं. मालकाने तिच्याशी बोललंच पाहिजे, असं मात्र त्यात एका ओळीतही नव्हतं.

ती ओळ आणण्याचा प्रयत्न आपल्याच जिल्ह्याशी नातं असलेल्या माणसाने केला. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं त्यांच्याकडे होतं तेव्हा, नोव्हेंबर १९४३ मध्ये, मालकाने प्रातिनिधिक संघटनेला मान्यता दिलीच पाहिजे अशी दुरुस्ती सुचवणारं विधेयक त्यांनी मांडलं. ते मागे-पुढे होत होत १९४७ साली कायदा म्हणून मंजूर झालं. मालकांच्या आणि संघटनांच्याही अनुचित वागण्याची यादी त्यात होती. फक्त तो कायदा लागू करण्याची अधिसूचना कधीच निघाली नाही. मंजूर झालेला, छापलेला कायदा तसाच पडून राहिला. म्हणून कुठलाही कायदा ‘झाला’ म्हणून कुणी पेढे वाटायला लागलं की विचारावं: लागू कधीपासून? नियम निघाले का? ज्यांना तो नको असतो त्यांना विधेयक पाडावंच लागतं असं नाही. तारीख पडली नाही तरी त्यांचं काम भागतं.

आणि मग गिरण्या. मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम, १९४६ प्रमाणे कापडधंद्यात कामगारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार एकाच प्रातिनिधिक संघटनेला होता आणि ती होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाखांच्या आसपास कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले. सामंतांशी बोला म्हटलं की मालक कायद्याकडे बोट दाखवायचे: आम्ही मान्यताप्राप्त संघाशीच बोलणार. म्हणून पगारवाढीच्या जोडीला ‘हा कायदाच रद्द करा’ ही मागणी पुढे आली. इथे गंमत बघा. या वेळी मालकांना जुना कायदा हवा होता. कायद्यातला बदल नको होता, कारण कामगार कुणामागे आहेत हे दिसत असूनही दुसऱ्याच कुणाशी बोलण्याची सोय त्यात होती.

संपाला परतीची वाट ठेवली नव्हती, हे खरंच. पण ‘युनियनमुळे गिरण्या गेल्या’ हा हिशोब अर्धवट आहे. यंत्रं जुनी झालेली, भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांशी स्पर्धा, आणि १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ नंतर कापडापेक्षा जमिनीतून जास्त पैसा दिसायला लागलेला. हे सगळं वगळून कुणी गिरण्यांची गोष्ट सांगत असेल तर तो तुम्हाला इतिहास सांगत नाहीये, घाबरवतोय.

अमेरिकेत हाच वाद उलट्या अंगाने झाला. बहुसंख्य कामगारांनी कार्डावर सही केली की संघटनेला मान्यता, असं सांगणारं विधेयक १ मार्च २००७ ला तिथल्या प्रतिनिधीगृहात मंजूर झालं आणि जूनमध्ये सिनेटमध्ये अडकलं. तिथले मालक म्हणत होते, गुप्त मतदानाचा पवित्र हक्क जातोय. आपल्याकडे गुप्त मतदान मागत होत्या त्या आयटक, हिंद मजदूर सभा यांसारख्या संघटना. सभासदांची वही तपासून मान्यता द्या म्हणणारी होती इंटक, आणि गिरणी मालकांना तीच पद्धत सोसत होती. थोडक्यात, गुप्त मतदान चांगलं की वाईट याबद्दल मालकांचं कायमचं असं तत्त्व नाही. ज्या पद्धतीने समोरचा माणूस उशिरा ठरेल, ती पद्धत चांगली.

नवी संहिता: पंचेचाळीस माणसांचा हिशोब

आकडे हवेत राहिले की कळत नाहीत, म्हणून एक युनिट धरू. हजेरीपटावर पंचेचाळीस कामगार.

संघटना नोंदवायला किमान सात सभासद लागतात, शिवाय एकूण कामगारांच्या दहा टक्के किंवा शंभर यांतला जो आकडा कमी असेल तेवढे. पंचेचाळीसचे दहा टक्के साडेचार, म्हणजे इथे सातच पुरतात. सातही जमत नसतील इतकं युनिट लहान असेल, तर एका उद्योगातल्या अनेक युनिटच्या लोकांनी मिळून संघटना करता येते. मात्र तेव्हा दहा टक्के त्या सगळ्या उद्योगावर मोजले जातात आणि शंभराची मर्यादा कामाला येते.

मान्यतेचं कलम चौदावं. युनिटमध्ये एकच नोंदणीकृत संघटना असेल, तर नियमांतल्या निकषांना धरून मालकाने तिलाच वाटाघाटी करणारी एकमेव संघटना म्हणून मानायचं. दोन-तीन असतील, तर हजेरीपटावरच्या एक्कावन टक्के कामगारांचा पाठिंबा जिला, ती. आपल्या युनिटमध्ये तेवीस माणसं. कुणाकडेच तेवीस नसतील तर वाटाघाटींसाठी परिषद बसते आणि तिच्यात वीस टक्के, म्हणजे नऊ माणसांचा पाठिंबा असलेल्या प्रत्येक संघटनेला जागा मिळते. मान्यता तीन वर्षांची, दोन्ही बाजूंनी ठरवलं तर जास्तीत जास्त पाच. गिरण्यांत जे झालं, की एकदा बसलेली संघटना उठतच नाही, ते इथे निदान कागदावर तरी टाळलंय.

महाराष्ट्रातल्या वाचकाने यात एक फरक टिपून ठेवावा. आपल्या राज्याचा १९७१ चा कायदा, कामगार संघटनांना मान्यता देण्याबाबत व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करण्याबाबतचा, पन्नास किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या ठिकाणीच मान्यता देतो. तिथे अट तीस टक्के सभासदांची, तेही सलग सहा महिने. संगमेश्वरातली बहुतेक युनिट पन्नासच्या खालीच. म्हणजे इथल्या छोट्या मालकावर संघटना मान्य करण्याची सक्ती आजवर कुठल्याच कायद्याने नव्हती. संहितेच्या चौदाव्या कलमात माणसांची अशी किमान अटच नाही. खरी आठी या फरकामुळे पडते. ‘कायदा कडक आहे’, ‘उद्योग गुजरातला जातील’ ही त्याच्यावर टाकलेली चादर आहे.

संपाबाबत मात्र आपल्याकडे उगाच जास्त घबराट पसरलीय. चौदा दिवसांची नोटीस आता सगळ्याच उद्योगांना लागते, हे देशाला नवं असेल. महाराष्ट्रात १९७१ चा कायदा तेच सांगत होता. नवीन आहे ती रजेची गोष्ट: निम्म्या किंवा जास्त कामगारांनी संगनमत करून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तर तोही संप. बेकायदा संपाला कामगाराला एक हजार ते दहा हजार रुपये दंड, किंवा महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही. आता कोकणात गणपतीला आणि शिमग्याच्या पालखीला निम्मं युनिट तसंही रिकामं होतं. पालखी नाचवायला जाणं हा संप नव्हे, हे मालकालाही कळतं. पण युनियनची बोलणी चालू असतील त्या वर्षी सणाची रजा प्रत्येकाने वेगवेगळ्या अर्जाने, लेखी आणि चांगली आधी मागावी. सगळ्यांच्या सह्यांचा एक अर्ज देऊ नका.

मालकाची बाजू ऐकताना

मालक किंवा त्यांची संघटना एखाद्या विधेयकाला विरोध करते, निवेदन देते, आमदाराला भेटते, यात काही गैर नाही. तो त्यांचा हक्क आहे, जसा तुमचा आहे. त्यांचं सगळंच बोलणं फेकून देऊ नका. ज्याचा अर्धा हंगाम आंब्यावर आणि उरलेला काजूवर चालतो, त्याला मे महिन्यात काम थांबलं तर माल सडतो, ही भीती खोटी नाही. एका युनिटमध्ये तीन पक्षांच्या तीन संघटना आल्या आणि एकमेकींत भांडत बसल्या, हेही महाराष्ट्राने पाहिलंय. अशा भीतीवर उत्तर देता येतं: हंगामाच्या आधी बोलणी संपवू, तक्रारींसाठी ठरलेली वाट ठेवू. ज्याला खरोखर हंगामाची काळजी आहे तो यावर बोलायला तयार होतो.

‘बाहेरचे पुढारी येतील’ हा दुसरा मुद्दा. त्याचं उत्तर कायद्यातच आहे. पदाधिकाऱ्यांपैकी बाहेरचे एक तृतीयांश किंवा पाच, यांतला कमी आकडा, त्यापेक्षा जास्त असता येत नाहीत. नऊ जणांची कार्यकारिणी केलीत तर बाहेरचे तीनच. माझं मत विचाराल तर सुरुवातीला एक तरी जाणता माणूस बाहेरचा असावाच. नोकरी जाण्याची भीती नसलेला एक आवाज खोलीत असला की बाकीच्यांचा आवाज फुटतो.

तिसरा मुद्दा सगळ्यात अवघड, कारण तो प्रेमाने मांडला जातो. ‘आपलं घरासारखं आहे, मध्ये कागद कशाला?’ मालक गावचाच असतो, भावकीतला असतो, देवळाच्या कामाला त्याने देणगी दिलेली असते, तुमच्या मुलीच्या लग्नाला उचल दिलेली असते. हा ओलावा खोटा आहे असं मी म्हणणार नाही. पण घरातसुद्धा वाटणीची वेळ आली की कागद होतोच, आणि तो वेळेवर केलेल्या घरात भांडणं कमी होतात. मालकाला सांगावं: दादा, माणुसकी आहे तशी राहू दे, पगाराचं आणि पाळीचं तेवढं लेखी करू.

विरोध कायद्याचा सोडून माणसाचा व्हायला लागला की

मालकाने कायद्याविरुद्ध बोलावं. कामगाराला धमकावू नये. ही रेघ १९७१ च्या राज्य कायद्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या अनुसूचीत स्वच्छ आखलेली आहे, आणि संहितेच्या दुसऱ्या अनुसूचीत बहुतेक तीच यादी पुन्हा आली आहे. संघटनेत गेलास तर काढून टाकीन म्हणणं, संघटना झाली तर टाळं लावीन म्हणणं, पुढाकार घेणाऱ्याला कसल्यातरी निमित्ताने शिक्षा करणं किंवा दूरच्या युनिटला हलवणं, मालकाने स्वतःच खिशातली संघटना उभी करणं, मान्य संघटनेशी प्रामाणिकपणे बोलायला नकार देणं, ह्या सगळ्या अनुचित प्रथा आहेत. संहितेत अशा प्रथेला दहा हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड आहे.

यातल्या दोन गोष्टी कामगारांना ओळखूच येत नाहीत, कारण त्या गोड असतात. एक पगारवाढ. संघटना उभी राहण्याच्या ऐन वेळी, ती मोडावी म्हणून दिलेली पगारवाढ ही अनुचित प्रथा आहे. वाढ घ्यावी, परत कशाला करायची? पण तारीख लिहून ठेवावी. दुसरी बढती. पुढाकार घेणाऱ्या माणसाला अचानक सुपरवायझर करतात, दोन-तीन हजार वाढवतात, आणि मग कळतं की महिन्याला अठरा हजारांच्या वर पगार असलेला सुपरवायझर कायद्याने ‘कामगार’च राहिला नाही. अशा वेळी घाबरून राजीनामा देऊ नका. कोर्ट हुद्द्याचं नाव बघत नाही, मुख्य काम काय ते बघतं. दिवसभर मशीनवर उभे असाल तर तुम्ही कामगारच. ते काम दाखवणारे कागद मात्र हवेत.

राज्य कायद्याखाली अनुचित प्रथेची तक्रार घडल्यापासून नव्वद दिवसांत करायची असते. उशीर माफ होऊ शकतो, पण त्याच्या भरवशावर राहू नये. अनुचित प्रथांच्या या संरक्षणाला पन्नास कामगारांची अट नाही, म्हणून आपल्याकडच्या छोट्या युनिटला ते मोलाचं. संहितेने रद्द केलेल्या कायद्यांत राज्याचा हा कायदा नाही. तरी नेमकी कुठल्या कायद्याखाली आणि कुठल्या न्यायालयात तक्रार नोंदवायची, हे नोंदवण्याआधी कामगार खटले चालवणाऱ्या वकिलाकडून तपासून घ्या. रत्नागिरीच्या सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयातही विचारता येतं.

ठेकेदाराच्या माणसांची गोष्ट वेगळी आहे, आणि लोट्याला जाणाऱ्यांनी ती नीट समजून घ्यावी. कल्याणी स्टील्स आणि सिप्ला या २००१ च्या दोन निकालांत सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मालक-कामगार नातंच वादात असेल तर १९७१ च्या कायद्याखाली तक्रार चालत नाही. आधी ते नातं योग्य ठिकाणी सिद्ध करून यायचं. म्हणजे तुमच्या कागदांवर नाव ठेकेदाराचं असेल तर कंपनीविरुद्धची तक्रार दारातच अडते. म्हणून पीएफचं पासबुक काढून बघा, आस्थापना म्हणून कुणाचं नाव लागलंय. ईएसआयचं कार्ड, गेटपास, पगाराची स्लिप, बँकेत पगार कुठल्या खात्यातून येतो, हे सगळं एका पिशवीत जमा करा. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी नेमणूकपत्र देणं आता मालकावर बंधनकारक आहे. ते मागून घ्या. मागणी लेखी असली पाहिजे, नुसत्या तोंडी आश्वासनावर गप्प बसू नका.

वही

मान्यतेचा सगळा डोलारा शेवटी सभासदांच्या वहीवर उभा असतो, आणि आपल्याकडे नेमकी तीच कच्ची असते. घोषणा जोरात, पावतीपुस्तक कोरं. मालकाचा वकील पहिला हात तिथेच घालतो.

प्रत्येकाचा सभासदत्वाचा अर्ज, त्यावर त्याची सही आणि तारीख. वर्गणी दर महिन्याला आणि पावती त्याच दिवशी. सहा महिन्यांची एकदम गोळा करून मागच्या तारखा टाकल्या की शाईच बोलते. हजेरीपटावरचं नाव आणि वहीतलं नाव एकच असावं. संतोषचा ‘पप्या’ आणि सुनीताचं माहेरचं आडनाव यांनी चांगल्या चांगल्या संघटनांच्या याद्या फुटल्या आहेत. राज्य कायद्याखाली मान्यता हवी असेल तर वर्गणी महिन्याला पन्नास पैशांपेक्षा कमी नसावी, कार्यकारिणीची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हावी, ठराव इतिवृत्तात लिहिलेले असावेत आणि हिशोब तपासून घेतलेला असावा. पन्नास पैसे वाचून हसू येईल, पण बैठकांची अट अजिबात हसण्यासारखी नाही. तीन महिने बैठकच झाली नाही, एवढ्या एका मुद्द्यावर मालकाला हरकत घेता येते.

वही घरी ठेवा, युनिटच्या लॉकरमध्ये नाही. एक झेरॉक्स दुसऱ्या पदाधिकाऱ्याकडे. सभासदांची पूर्ण यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर कधीही टाकू नका. तो ग्रुप मालकाच्या पुतण्याच्या मोबाइलवर उघडायला किती वेळ लागतो, हे इथल्या लोकांना सांगायला नको.

संघटना नोंदवायला अजून वेळ असेल, तरी एक दार आजच उघडता येतं. वीस किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी तक्रार निवारण समिती असलीच पाहिजे. सदस्य जास्तीत जास्त दहा, मालकाचे आणि कामगारांचे सारखे, अध्यक्षपद वर्षाआड एकेका बाजूकडे. घटना घडल्यापासून वर्षभरात अर्ज करायचा आणि समितीने तीस दिवसांत निर्णय द्यायचा. निर्णय पटला नाही तर साठ दिवसांत संघटनेमार्फत समेट अधिकाऱ्याकडे जाता येतं. युनिटमध्ये जितक्या प्रमाणात बायका, निदान तितक्या प्रमाणात त्या समितीत हव्यात. काजूच्या युनिटमध्ये हे कलम फार मोठं ठरतं, कारण तिथे सोलणाऱ्या बहुतेक बायकाच असतात आणि समितीत बसवायला नावं मात्र ड्रायव्हर, वॉचमन अशी पुरुषांची पुढे केली जातात. समितीत दोन-तीन बायका बसल्या, किलोच्या दरावरून त्यांनी दोन-तीन तक्रारी शेवटापर्यंत नेल्या, की संघटनेचे पहिले सात सभासद शोधत हिंडावं लागत नाही.

नियमांच्या मसुद्यावर

संसदेत कायदा होतो तेव्हा सगळ्यांचं लक्ष असतं. त्यानंतर नियम बनतात, आणि खरी रस्सीखेच तिथे होते. चौदाव्या कलमातले ‘निकष’ काय, पाठिंबा तपासायचा कसा, वहीवरून की गुप्त मतदानाने, तपासणारा अधिकारी कुणी नेमायचा, मालकाने संघटनेला नोटीस बोर्ड आणि बसायला जागा द्यायची की नाही, हे सगळं नियमांत ठरतं. मसुदा राजपत्रात प्रसिद्ध होतो आणि ठरावीक मुदतीत हरकती व सूचना मागवल्या जातात. मालकांच्या संघटनांकडून त्या मुदतीत कलमवार, टाइप केलेली निवेदनं जातात. कामगारांकडून बहुधा मोर्चा जातो. मोर्चाचा फोटो पेपरात येतो. निवेदन फाइलला लागतं, आणि नियम अंतिम करणारा अधिकारी समोर फाइल घेऊन बसतो.

तेव्हा हरकत लिहायला शिका. एका पत्रात एकच मुद्दा. मसुद्यातल्या नियमाचा क्रमांक लिहा, त्यातले अडणारे शब्द लिहा, त्या जागी कुठले शब्द हवेत ते लिहा आणि आपल्या युनिटचं उदाहरण चार ओळींत द्या: आमच्याकडे हजेरीपटावर तीस आणि ठेकेदाराकडे पंचवीस आहेत, मग एक्कावन टक्के कशाचे मोजणार? असा प्रश्न मुंबईत बसलेल्या अधिकाऱ्याला सुचत नाही, तो साडवलीतूनच जावा लागतो. मालकांच्या संघटनेने तोच नियम बदलायला सांगितलं असेल, तर त्यांचं म्हणणं मिळवून वाचा आणि त्यातलं जे बरोबर आहे ते आपल्या पत्रात मान्य करा. फाइल वाचणाऱ्यावर त्याचा परिणाम होतो. राज्याच्या नियमांवरची हरकत मराठीत लिहिता येते. खाली संघटनेचं नाव, नोंदणी झाली असेल तर क्रमांक, नसेल तर सात जणांच्या सह्या. पत्र स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोस्टाची पावती त्याच वहीत चिकटवून ठेवा.